राजस्थानची आंधी आणि धूळवादळांचा हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थरच्या वाळवंटात धूळवादळांचा हंगाम नेमका कधी असतो?

मार्च ते जून. त्यातही खरा जोर मे आणि जूनमध्ये. मार्चमध्ये एखाद-दुसरे वादळ येते, एप्रिलमध्ये संख्या वाढते, मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत शिखर असते आणि जुलैत पावसाने जमीन भिजली की ती एकदम ओसरतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुरळक. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वर्षातला सर्वांत स्वच्छ काळ: वारा पडलेला असतो आणि पावसाळ्यात उगवलेले गवत अजून जमीन धरून असते. डिसेंबर-जानेवारीत थंडी आणि धुके असते, धूळ क्वचितच.

हे झाले सरासरी वर्षाचे. हवामान खात्याच्या सुधारित वेळापत्रकाप्रमाणे मोसमी पाऊस ८ जुलैच्या सुमारास राजस्थानच्या पश्चिम टोकापर्यंत पोहोचतो आणि १७ सप्टेंबरपासून तिथूनच परतू लागतो. म्हणजे जैसलमेरच्या वाट्याला पावसाळ्याचे जेमतेम सव्वादोन महिने येतात. २००२ साली जुलैतला पाऊस देशभर सरासरीच्या निम्म्यावर आला होता. अशा वर्षी धुळीचा हंगाम कॅलेंडर पाळत नाही, तो थेट ऑगस्टपर्यंत रेंगाळतो.

वारा तर जुलैतही जोरात असतो. मग धूळ का थांबते?

या सगळ्या विषयाची किल्ली याच प्रश्नात आहे. लोक धूळवादळाला वाऱ्याची घटना समजतात, पण ती वाऱ्याइतकीच जमिनीचीही घटना आहे.

पश्चिम राजस्थानात नैर्ऋत्येचा वारा जूनमध्ये सर्वांत जोरात वाहतो आणि जुलैतही फारसा कमी होत नाही. बदलते ती जमीन. पहिल्या चांगल्या सरीनंतर ओले कण पाण्याच्या पातळ पापुद्र्याने एकमेकांना चिकटतात. ते वाळले की वर कडक पापडी धरते आणि आठ-पंधरा दिवसांत गवत कोंब काढते. ही तिन्ही कामे झाली की तोच वारा धुळीविना वाहतो. उलट एप्रिलमध्ये रब्बीचे पीक निघालेले असते, गुरांनी उरलासुरला पाला खाल्लेला असतो आणि त्यांच्या खुरांनी, ट्रॅक्टरच्या चाकांनी पापडी फुटलेली असते. अशा वेळी मध्यम वाराही पुरतो.

म्हणून येत्या हंगामाचा अंदाज बांधायचा तर आधी गेल्या वर्षीचा पाऊस बघावा. पाऊस कमी म्हणजे गवत कमी, गवत कमी म्हणजे पुढच्या मे महिन्यात जमीन उघडी.

आंधी आणि धूळवादळ एकच का?

बोलताना एकच, पण हवामानाच्या दृष्टीने ही दोन वेगळी जातकुळी आहेत. कोणती आली आहे हे कळले तर ती किती वेळ राहील हेही कळते.

पहिली जात मेघगर्जनेच्या ढगातून येते. दुपारी ४२-४५ अंश तापलेल्या जमिनीवर ढग चढतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की ढगातून सुटलेला पाऊस जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच वाफ होऊन जातो. वाफ होताना तो हवेतली उष्णता काढून घेतो. ती हवा थंड आणि जड होऊन धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तिच्या आघाडीवर धुळीची भिंत उभी राहते, हजार-दोन हजार मीटर उंचीची. सुदानात हिला हबूब म्हणतात, उत्तर भारतात आंधी. काही मिनिटांत पारा दहा-पंधरा अंशांनी उतरतो. सर्वांत वाईट वेळ सहसा अर्ध्या तासात सरते, मागोमाग चार थेंब पडतात आणि मातीचा वास सुटतो. गंगानगर, बिकानेर, चुरू, हरियाणा, दिल्ली हा पट्टा या जातीचा.

दुसऱ्या जातीत ढग नसतो. पाकिस्तान आणि वायव्य भारतावर उन्हाळ्यात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, अरबी समुद्राकडे दाब जास्त असतो आणि या फरकामुळे नैर्ऋत्येचा वारा तासन् तास, कधी दोन-तीन दिवस वाहत राहतो. भिंत दिसत नाही. आकाश हळूहळू पांढुरके, मग पिवळट होते आणि सूर्य चांदीच्या नाण्यासारखा फिका दिसतो. पारा उतरत नाही, झळा लागतच राहतात. जैसलमेर, बाडमेर, फलोदी इथली वादळे बहुतांशी अशी. रस्त्यावर वाळूचे ढीग साचतात आणि बुलडोझर लावून ते काढावे लागतात, तेही याच प्रकारात.

दिवसातल्या कोणत्या वेळी धोका जास्त असतो?

ढगातून येणारी आंधी साधारण दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत, कारण ढग वाढायला दुपारची उष्णता लागते. दाबाच्या फरकाने येणारे वादळ सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुरू होते, दुपारी टिपेला पोहोचते आणि सूर्यास्तानंतर मंदावते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन थिजते आणि वरचा जोराचा वारा खाली उतरू शकत नाही.

याला अपवाद आहेत, आणि तेच जीवघेणे ठरतात. पश्चिमी झंझावात, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी कमी दाबाची प्रणाली, जोरदार असेल तर मेघगर्जनेच्या ढगांची रांग रात्री उशिरापर्यंत पुढे सरकत राहते.

धूळ उडायला वाऱ्याचा किती वेग लागतो?

सुट्या, कोरड्या, बारीक वाळूवर ताशी २० ते ३० किलोमीटर पुरतो. पापडी धरलेल्या जमिनीवर याच्या दुप्पट वेगही कधी कमी पडतो.

वाचणाऱ्याला उलटे वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी: सर्वांत बारीक कण सर्वांत आधी उडत नाहीत. पीठ ओट्यावर कसे चिकटून राहते, तसे ते एकमेकांना धरून बसतात. वारा सर्वांत सहज उचलतो ते साधारण ०.१ मिलिमीटरचे कण, म्हणजे बारीक वाळू. हे कण हवेत राहत नाहीत, टप्पे घेत उड्या मारत जातात. प्रत्येक टप्प्याला जमिनीवर आपटून ते तिथल्या बारीक धुळीला उसळी देतात. धूळ वर जाते ती या माऱ्यामुळे. अर्ध्या मिलिमीटरहून मोठे खडे नुसते घरंगळतात.

शेतीसाठी याचा अर्थ सरळ आहे. उड्या मारणारी वाळू अडवली तर धूळ आपोआप कमी होते आणि ती वाळू बहुतेक गुडघ्याच्या उंचीखालून जाते. म्हणून वाळवंटात दोन फुटी झुडपांची रांगही उपयोगी पडते.

वाऱ्याचा वेग उंबरठ्याच्या बराच वर गेला की वाहून जाणारी वाळू ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की वाळू आठपट. वर्षभरातली बहुतांश माती मोजक्या दिवसांत का जाते, ते यावरून कळेल.

हवामान खाते वादळ हलके की तीव्र हे कसे ठरवते?

वाऱ्याचा वेग आणि दृश्यमानता या दोन मापांवर. वारा ताशी ४१ किलोमीटरपर्यंत आणि ५०० ते १,००० मीटरपर्यंतचे दिसत असेल तर हलके. वारा ४१ ते ७९ आणि दृश्यमानता २०० ते ५०० मीटर असेल तर मध्यम. वारा ७९ च्या वर आणि २०० मीटरपलीकडचे दिसेनासे झाले तर तीव्र. हजार मीटरपेक्षा पुढचे दिसत असेल तर त्याला धूळवादळ म्हणत नाहीत, ती नुसती धूळ उडवणारी हवा.

विजेच्या खांबांचे अंतर गावाबाहेर साधारण ५० मीटर धरले तर चौथा खांब दिसेनासा झाला की वादळ तीव्र झाले असे समजायला हरकत नाही. मोजमाप ढोबळ आहे, पण रस्त्यावर तेवढे पुरते.

आंधी येतेय हे आधी कळते का? हाताशी किती वेळ असतो?

दिवसा आणि मोकळ्या माळावर कळते. क्षितिजावर तपकिरी पट्टा दिसतो, त्याच्या माथ्यावर गडद ढग असतो आणि वारा अचानक पडतो. ही पडलेली हवाच खरी खूण. तोवर एका दिशेने वाहणारा गरम वारा थांबला, पक्षी खाली उतरले आणि पट्टा जाड होत चालला की आवराआवर सुरू करावी. भिंत ताशी ६० किलोमीटरने येत असेल आणि २० किलोमीटरवर दिसली असेल तर हाती वीस मिनिटे आहेत. शहरात इमारतींआडून दिसेपर्यंत दोन मिनिटेही उरत नाहीत, आणि रात्री तर काहीच दिसत नाही.

दुसऱ्या जातीचे वादळ हळूहळू चढते, त्यात अशी घाई नसते.

इशारे कुठे बघायचे आणि त्यांचा अर्थ काय?

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा चार रंगांत असतो: हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग दिवसभरासाठी असतात. आंधीसाठी त्याहून कामाचा आहे तो पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा, कारण ढग कुठे फुटणार हे आदल्या दिवशी नेमके सांगता येत नाही. तो खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. ‘मौसम’ हे खात्याचे अॅपही फोनमध्ये असावे. शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ आहे. विजेसाठी ‘दामिनी’ वापरावे. ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केले आहे. आंधीच्या ढगात वीज असतेच, त्यामुळे दामिनीवर आपल्या दिशेने सरकणारे ठिपके दिसले तर वाराही मागोमाग येतोय असे धरून चालावे.

मुलांच्या सुट्टीत, मे महिन्यात, जैसलमेरला जावे का?

निवडीला वाव असेल तर जाऊ नये. सुट्ट्या मे महिन्यातच असतात हे खरे, पण तेव्हा तिथे ४५ अंश तापमान आणि धूळ हे दोन्ही ठरलेले. दिवाळीची सुट्टी याच वाळवंटासाठी सर्वांत चांगली: हवा स्वच्छ, रात्री थंड. मेमध्ये जावेच लागले तर वाळूच्या टेकड्यांवरची सहल पहाटे करावी, संध्याकाळची टाळावी. तंबूत मुक्काम नको, पक्क्या इमारतीत करावा. कॅमेऱ्याची लेन्स टेकड्यांवर बदलू नये. आत गेलेली वाळू फुंकून निघत नाही.

गाडी चालवताना वादळात सापडलो तर?

भिंत समोर दिसत असताना तिच्यात गाडी घालू नये. ढाबा, पेट्रोल पंप, जे मिळेल तिथे थांबावे. होर्डिंग, झाड, विजेची तार आणि पंपाचे उंच छत यांच्यापासून मात्र दूर.

सापडलातच तर वेग हळूहळू कमी करा, डाव्या बाजूला डांबरी रस्ता पूर्ण सोडून खाली उतरा आणि मग इंजिन बंद करा. हँडब्रेक लावा, ब्रेकच्या पायडलवरचा पाय काढा आणि सगळे दिवे बंद करा. दिवे बंद करायला लोक धजावत नाहीत, पण त्यामागे कारण आहे. धुळीत चाचपडत येणारा ट्रकवाला पुढच्या गाडीचा लाल दिवा बघून ‘रस्ता इकडे आहे’ असे समजतो आणि थेट तुमच्यावर येतो. हे फक्त रस्ता पूर्ण सोडला असेल तरच. रस्त्यावरच अडकला असाल तर दिवे चालू ठेवून, हॉर्न वाजवत, हळूहळू बाहेर पडा.

काचा बंद ठेवा, एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवा. दुचाकी असेल तर ती आडवी करून तिच्यापासून बाजूला, वाऱ्याकडे पाठ करून खाली बसा. नंतर कोरड्या काचेवर वायपर फिरवू नका, वाळूचे ओरखडे कायमचे राहतात. आधी पाणी ओता. इंजिनचा कागदी एअर फिल्टर काढून हलका आपटून झाडा, पण तो पाण्याने धुऊ नका, ओला कागद फाटतो. गाडी ओढत नसेल, धूर काळा येत असेल तर फिल्टर गेला असे समजून बदला.

घरात काय तयारी करावी?

राजस्थानातल्या घरात पहिले काम असते कूलर बंद करणे. कूलर बाहेरची हवा खेचतो, म्हणजे वादळात तो घरात धूळ भरणारे यंत्र होतो; शिवाय ओल्या गवताच्या जाळ्यांवर धूळ बसून चिखल होतो आणि पुढे महिनाभर कुबट वास येतो. चालू राहिलाच तर वादळानंतर टाकीचे पाणी सोडून द्या, जाळ्या धुवा, मगच चालू करा.

मग वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या, दाराच्या फटीत ओले फडके, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण. पत्रे, कुंड्या, खाटा आधीच बांधलेल्या असाव्यात. वादळ दिसल्यावर गच्चीवर धावत जाणे हा अपघाताचा हमखास मार्ग आहे. कच्च्या भिंतीच्या आडोशाला गुरे बांधू नयेत.

वादळानंतर झाडू मारू नका. खाली बसलेली बारीक धूळ त्याने पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

तोंडाला ओला रुमाल पुरतो का?

मोठ्या कणांपुरता. दात करकरणारी वाळू तो अडवतो, पण २.५ मायक्रॉनहून लहान कण, जे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, ते त्यातून आरपार जातात. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो आणि तोही गालांना घट्ट बसलेला. फार ओल्या रुमालातून श्वास घेणेही जड जाते. घट्ट पिळलेला दमट रुमाल बरा.

भारताच्या मानकानुसार १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. आंधीत हा आकडा तासाभरासाठी हजाराच्या वर सहज जातो. धडधाकट माणसाला खोकला, डोळ्यांची आग एवढ्यावर भागते. दमेकऱ्यांनी इनहेलर खिशात ठेवावा आणि वादळानंतरचे दोन दिवस जपून राहावे, कारण मोठे कण बसले तरी बारीक कण हवेत तरंगत असतात. कॉन्टॅक्ट लेन्स लगेच काढाव्यात. डोळे चोळू नयेत, पाण्याचा हबका मारावा.

माणसे दगावतात ती धुळीने का?

नाही, पडणाऱ्या वस्तूंनी. २ मे २०१८ च्या रात्री अलवर, भरतपूर, धौलपूर आणि आग्रा परिसरात आलेल्या वादळाने शंभराहून अधिक बळी घेतले. बहुतेक मृत्यू भिंती, छपरे, झाडे आणि विजेचे खांब कोसळून झाले. वेळ रात्रीची होती, लोक घरात झोपलेले होते आणि समोरून येणारी धुळीची भिंत अंधारात कोणाला दिसणार?

म्हणून मे-जूनमध्ये कच्च्या भिंतीला लागून खाट टाकू नये, मोठ्या झाडाखाली झोपू नये. नुकत्याच उभ्या केलेल्या, वर स्लॅब नसलेल्या विटांच्या भिंतीपासून तर लांबच राहावे. तिला वरून दाब नसल्यामुळे ती वाऱ्याने सहज आडवी होते.

मुंबईत २०२२ च्या जानेवारीत पांढरी धूळ कुठून आली होती?

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई, पुणे आणि कोकण किनाऱ्यावर आकाश पांढुरके झाले आणि गाड्यांवर पिठासारखा थर बसला. हंगाम धुळीचा नव्हता, पण जोरदार पश्चिमी झंझावातामागून आलेल्या वायव्येच्या वाऱ्याने पाकिस्तानच्या बाजूची धूळ उचलली आणि ती अरबी समुद्रावरून इकडे आली. एवढ्या लांबच्या प्रवासात जड कण वाटेतच समुद्रात पडतात, उरतात ते सर्वांत बारीक. म्हणून तो थर वाळूसारखा न लागता पावडरीसारखा लागत होता.

आणि १३ मे २०२४ चे मुंबईतले वादळ?

ते पूर्ण वेगळे. ती ढगातून आलेली आंधी होती, राजस्थानातल्या पहिल्या जातीचीच, फक्त धूळ स्थानिक. दुपारी मेघगर्जनेच्या ढगातला थंड वारा खाली कोसळला आणि त्याने शहरातल्या, भोवतालच्या उघड्या जागांची आणि बांधकामांची धूळ उचलली. घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. इथेही मारले ते पडणाऱ्या वस्तूनेच.

महाराष्ट्रात राजस्थानसारखी वादळे का होत नाहीत?

वळीव तर इथेही येतो आणि त्याच्या पुढचा सोसाट्याचा वारा आंधीच्याच कुळातला आहे. माण-खटाव, सांगोला, कर्जत-जामखेड भागात एप्रिल-मेमध्ये वळवाआधी धुळीचा लोट उठतो, तो डोळ्यांनी पाहिलेला असतोच. पण काळ्या मातीत चिकणमाती जास्त असल्याने ती ढेकळे धरते, भेगा पाडते, सुटी वाळू होत नाही. पाऊसही वेगळा: जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरसुद्धा पडत नाही, तर आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांतही साधारण ५०० पडतो, म्हणजे गवत-काट्याला पुरेल इतका.

वावटळ मात्र या दोन्हींपेक्षा निराळी. ती तापलेल्या जमिनीवर, निरभ्र दुपारी, फिरत वर जाणारी हवा असते; तिला ढग लागत नाही आणि ती पाच-दहा मिनिटांत विरते. राजस्थानात तिला भतूळियो म्हणतात. वावटळीवरून आंधीचा अंदाज बांधू नये.

धूळवादळामागून चिखलाचे थेंब का पडतात?

धुळीने भरलेल्या हवेतून थेंब खाली येतो तेव्हा वाटेतले कण गोळा करत येतो, आणि कोरड्या हवेत अर्धेअधिक पाणी उडून गेलेले असते. उरतो तो गढूळ थेंब. वाळत घातलेले कपडे आत घ्या. हे डाग एका धुण्यात जात नाहीत.

नवतपा तापला की पाऊस चांगला, हे खरे का?

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे, साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. या काळात तापमान आणि धूळ दोन्ही चढलेली असतात, हे निरीक्षण बरोबर आहे. जमीन तापली की कमी दाबाचा पट्टा बळावतो हेही खरे. पण मोसमी पाऊस समुद्राच्या तापमानापासून अनेक गोष्टींवर अवलंबून असतो, नऊ दिवसांच्या उन्हावरून चार महिन्यांचे भाकीत निघत नाही. बाजरीचे बियाणे त्या भरवशावर पेरू नये.

शेतकऱ्याने काय करावे म्हणजे माती जाणार नाही?

सर्वांत मोठी चूक म्हणजे एप्रिल-मेमध्ये कोरड्या वाळूमिश्र रानात तव्यांचा नांगर घालणे. महाराष्ट्रात उन्हाळी नांगरट चांगली मानतात. काळ्या रानात ती चांगली आहेही. तोच सल्ला बाडमेरच्या रानाला लावला तर वाऱ्याला हातभार लागतो. तिथे पहिल्या पावसानंतर, ओल असतानाच, वाऱ्याच्या दिशेला आडवी मशागत करावी म्हणजे सरींचे वरंबे वाळू अडवतात.

बाजरी कापताना धाटे जमिनीपासून फूट-दीड फूट उभी सोडावीत. हे पटवणे अवघड जाते, कारण तेवढी वैरण कमी होते आणि दुष्काळी वर्षात वैरणीचा भाव मातीपेक्षा जास्त वाटतो. शेताचा काही पट्टा तरी धाटांसह ठेवावा, वाऱ्याच्या बाजूचा.

जूनअखेर पेरलेल्या बाजरीला वेगळाच त्रास. उगवून चार-सहा पाने आली की वारा सुटतो, वाळू कोवळी पाने सोलून काढते किंवा रोपे गाडून टाकते. अशा वेळी दुबार पेरणीला पर्याय उरत नाही, म्हणून थोडे बियाणे राखून ठेवतात.

वारारोधक झाडांचा पट्टा कसा लावायचा?

जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे काझरीने, १९५० च्या दशकापासून यावर काम केले आहे. पट्टा नेहमी वाऱ्याला आडवा. राजस्थानात वारा नैर्ऋत्येचा असल्याने पट्टा वायव्य-आग्नेय दिशेत येतो. तीन ओळी पुरतात: मधली उंच झाडांची, दोन्ही बाजूंना बुटकी झुडपे, म्हणजे खालून वारा घुसत नाही.

पट्टा घट्ट भिंतीसारखा करू नये. वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करत जमिनीवर आपटतो. निम्मा वारा गाळून जाऊ देणारा विरळ पट्टा जास्त लांबपर्यंत आडोसा देतो: उंचीच्या दहा ते पंधरा पट. सहा मीटर उंचीच्या पट्ट्याचा फायदा ६० ते ९० मीटरपर्यंत. पट्ट्यात मध्येच खिंडार पडले तर तिथून वारा उलट वेगाने घुसतो आणि समोरचे पीक आधी जाते, म्हणून मेलेल्या झाडाची जागा त्याच पावसाळ्यात भरावी. बैलगाडीची वाट ठेवायची तर तिरकी ठेवावी.

सरकणारी वाळूची टेकडी थांबवता येते का?

येते, पण क्रम चुकवला तर सगळे वाया जाते. आधी कुंपण: गुरे आणि शेळ्या आत येत राहिल्या तर पुढचे काही टिकत नाही. मग खींप, सिणिया, बुई अशा स्थानिक झुडपांच्या वाळक्या फांद्या वाळूत गाडून माथ्यापासून पायथ्यापर्यंत बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन करतात, साधारण पाच-पाच मीटरचे. वारा मोठा असेल तिथे चौकोन लहान ठेवावेत. त्यानंतरच, पहिला पाऊस पडल्यावर, चौकोनांत रोपे: इस्रायली बाभूळ लवकर वाढते, फोग वाळवंटाचीच आहे, आणि मधल्या जागेत सेवण गवत. खेजडी, म्हणजे आपली शमी, सावकाश वाढते. तिला टेकडीवर नव्हे, शेताच्या बांधावर जागा द्यावी.

विलायती बाभूळ लावण्याचा मोह आवरावा. ती जगते यात शंका नाही, पण मग दुसरे काही जगू देत नाही.

सौर पॅनेल किती वेळा आणि कधी पुसावेत?

जोधपूरपलीकडचे भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॅटचे आहे आणि धूळ हा तिथला रोजचा खर्च. घरच्या पॅनेलसाठी मार्च ते जूनमध्ये आठवड्याला एकदा, आणि आंधीनंतर दुसऱ्या दिवशी उजाडताच पुसावे. दुपारी कधीच नाही: तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकू शकते.

धुळीवर दव पडून ऊन लागले की तिचा सिमेंटसारखा थर होतो आणि तो खालच्या कडेला, चौकटीलगत, सर्वांत जाड असतो. तेवढीच पट्टी झाकली गेली तरी वीज बरीच घटते, म्हणून वरचा भाग स्वच्छ दिसतोय यावर विसंबू नये. मऊ स्पंज आणि कमी क्षाराचे पाणी वापरावे. विंधन विहिरीच्या खाऱ्या पाण्याने पांढरे डाग पडतात. कोरड्या कापडाने रगडणे म्हणजे वाळूने काच घासणे.

मग आता वादळे वाढतायत की घटतायत?

वायव्य भारतात मोसमपूर्व धूळ या शतकाच्या पहिल्या दीड दशकात घटल्याचे उपग्रह निरीक्षणांत दिसले आहे; उन्हाळी पावसात झालेली वाढ हे त्याचे एक कारण मानतात. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचले तिथे गंगानगर-हनुमानगड भागात वाळूच्या जागी हिरवी शेते आली, तेवढी जमीन धुळीतून वजा झाली. त्याच वेळी ट्रॅक्टरने पडीक जमिनी नांगरल्या गेल्या, त्या जमा बाजूला. बातम्यांत वादळे जास्त दिसतात याचे एक कारण प्रत्येकाच्या हातातला कॅमेरा हेही आहे.